बेट चुकलं ते ठीक, पण सांगायचं कोणी?

आम्ही लक्षद्वीपच्या क्रूझला जाऊन आलो, तिचे गुण आधी देऊन टाकते. जहाजाला चार, जेवणाला साडेतीन, केबिन आवरणाऱ्या पोरांना पाचपैकी पाच, आणि वेळापत्रक कोलमडल्यावर प्रवाशांना माहिती देण्याला एक. तो एकसुद्धा कॅप्टनच्या नावावर.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पैशाचा हिशेब अखेर पुरा झाला आहे, आणि नाव लिहिलं की लोक नेमके त्याच पोरांवर तुटून पडतात ज्यांच्या हातात काही नसतं. कार्यक्रम असा होता: गोव्यातल्या मुरगाव बंदरातून संध्याकाळी निघायचं, एक पूर्ण दिवस समुद्रात, तिसऱ्या सकाळी लक्षद्वीपचं एक बेट आणि तिथून मुंबई. आम्ही चौघं होतो, मी, हे आणि सासू-सासरे. कोजागरी झाली की दिवाळीपर्यंत मालवणात पर्यटकांची वर्दळ जरा कमी असते, तेवढीच आम्हा न्याहारी निवासवाल्यांना उसंत. चौघांच्या तिकिटांना जे गेले त्यात आमच्या वरच्या दोन्ही खोल्यांना नवे एसी बसले असते. म्हणून हे एवढं सविस्तर.

आणखी एक कारण आहे. ‘आज बोट नाही’ हे सांगणं माझं रोजचं काम आहे. वारा वाढला की सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, देवबागची डॉल्फिन सफर बंद, स्कूबा बंद. मेअखेर ते ऑगस्टअखेर तर सगळंच बंद असतं, ते लोक धरून चालतात. पण ऑक्टोबरात बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की पुण्या-कोल्हापूरहून रात्रभर गाडी हाकून आलेल्या माणसाचं तोंड बघवत नाही. मी सकाळी सहाला होडीवाल्याला फोन लावते. बंद असेल तर पोरांनी पोहायचे कपडे चढवायच्या आत, पहिल्या चहाबरोबरच सांगून टाकते. आज होडी नाही, वारा अमक्या बाजूचा आहे, दहाला पुन्हा विचारून सांगते, तोवर धामापूरच्या तलावावर जाऊन या. माणसं चिडतात, घावणे खातात आणि धामापूरला जातात. दहाला मी फोन करते म्हणजे करतेच, बातमी तीच असली तरी. हे कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही, शिव्या खाऊन शिकले. आणि ही एवढी मोठी कंपनी, एवढं मोठं जहाज, त्यांना हे जमू नये?

सुरुवात मुरगावलाच झाली. बोर्डिंग दुपारी बारापासून, म्हणून आम्ही पहाटे मालवण सोडलं. कुडाळ, बांदा, पत्रादेवी करत साडेआठच्या सुमारास टर्मिनलवर हजर. तिथं सुरक्षारक्षकाशिवाय कोणी नाही. तो म्हणाला, जहाज उशिरा आहे, तुम्हाला मेसेज आला नाही का? नव्हता आला. नंतर कळलं की मेसेज रात्रीच गेला होता, आमच्या कुडाळच्या एजंटच्या फोनवर. बुकिंग करताना त्यानं चौघांच्या नावापुढे स्वतःचाच नंबर आणि ईमेल घातला होता. म्हणजे आम्ही पहाटे हायवेवरून कुडाळ ओलांडत होतो तेव्हा आमचा मेसेज तिथंच कुठंतरी उशाशी पडून होता. ही एजंटची चूक, मान्य. पण चेक-इनचा फॉर्म आम्ही स्वतः भरला होता, त्यात आमचे नंबर होते, आधारचे फोटो होते, लक्षद्वीपच्या परमिटसाठी दिलेली सगळी माहिती होती. मेसेज मात्र गेला बुकिंगवरच्या एकाच नंबरला.

मेसेजमध्येही काय, तर ‘कामकाजाच्या कारणास्तव बोर्डिंगच्या वेळेत बदल होऊ शकतो.’ किती बदल, काही नाही. ह्यांनी फोनवर जहाजं दाखवणारं ते मरीन ट्रॅफिक उघडलं. आमचं जहाज जयगडसमोर होतं. सासरे, म्हणजे बाबा, आयुष्यभर ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, वेग विचारला. सोळा नॉट. “बोट जयगडाक आसा तर बारा वाजता कशी येतली? चार वाजतले.” जयगड ते मुरगाव एकशेवीस समुद्री मैलांच्या आसपास, सोळाच्या वेगानं साडेसात तास. गणित चौथीतलं आहे. कंपनीचा माणूस अकराला उगवला आणि म्हणाला, एक वाजता. एकला म्हणाला, अडीच. अडीचला म्हणाला, थोड्याच वेळात. जहाज चारला धक्क्याला लागलं. सकाळीच चार सांगितलं असतं तर आम्ही वास्कोत नीट जेवलो असतो, सासूबाई कुठंतरी तासभर आडव्या झाल्या असत्या. उशिराबद्दल माझी तक्रार नाही, जहाज आहे, होतो उशीर. पण तासातासानं वेळ पुढं ढकलत नेली की शेवटी खरं सांगितलेलंही माणूस ऐकत नाही. तसंच झालं, चारचं जहाज समोर दिसत असताना लोक विचारत होते, नक्की ना?

जहाजावर गेल्यावर मात्र पुढचा दीड दिवस छान गेला. सुरक्षेची कवायत झाली, सात आखूड आणि एक लांब भोंगा, जॅकेट कसं घालायचं ते दाखवलं. ते सगळं स्वच्छ, ठणठणीत, तीन भाषांत. म्हणजे सांगता येतं, हे लक्षात ठेवा. जेवणात माशाला चव नव्हती, पण समुद्रावर राहून मासे गोठवलेले खायचे ह्याला आता काय म्हणणार. जैनांच्या काउंटरवरचं मात्र उत्तम. केबिनचा पोरगा टॉवेलचा हत्ती करून ठेवायचा, सासूबाईंनी तो मोडू दिला नाही.

आता बेटाची सकाळ.

लक्षद्वीपला आपण मुंबईत उतरतो तसं धक्क्यावर उतरता येत नाही. बेटाभोवती प्रवाळाची कडा, आत उथळ पाणी. मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसांना छोट्या होड्यांतून आत नेतात. त्यासाठी आदल्या रात्रीच टोकन वाटले होते. आमचा गट तिसरा, साडेसातला लाउंजमध्ये जमायचं. जमलो. सगळीकडे पोरं गॉगल लावून, बाप अर्ध्या चड्डीत, आयांच्या पिशव्यांतून टॉवेल डोकावत होते. आठ झाले. साडेआठ झाले. जहाज एका जागी होतं पण चांगलंच कलत होतं, आडव्या लाटेनं. बाबा खिडकीशी उभे होते. म्हणाले, “नांगर पडलोच नाय. आज उतरूक गावचा नाय.”

साखळी सुटल्याचा आवाज झाला असता तर तो पोटात जाणवला असता, असं त्यांचं म्हणणं. शेजारी पुण्याचं एक कुटुंब होतं, त्यांनी विचारलं, काका, म्हणजे काय? बाबांनी सांगितलं. होडी जहाजाच्या अंगाला लागते, लाटेनं ती वरखाली होते, जहाज वेगळं हलतं. मधे पाय टाकायची जी जागा असते तिचं अंतर दर क्षणाला बदलतं. तरणा माणूस उडी मारील, आजी कशी मारील? मग त्यांनी आपल्या तरुणपणीची कोकणची बोट सांगायला घेतली. कोकण सेवक, कोकण शक्ती. मुंबईहून निघून रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत मालवण, वेंगुर्ला, पणजी. मालवणात बोट बाहेरच थांबायची, माणसं, ट्रंका, पेट्या सगळं पडावातून किनाऱ्यावर. पडाव खाली गेला की थांबायचं, वर आला की पाय टाकायचा, खलाशी दंड धरून खेचायचा. हळूहळू त्यांच्याभोवती पंधरा-वीस माणसं जमली. एका मुलीनं वहीतल्या पानावर काढून घेतलं, जहाज, होडी, लाट. कोणी विचारलं, दुपारी लाट कमी होईल का? बाबा म्हणाले, वारा बघा, पांढरे तुरे वाढतायत का कमी होतायत ते बघा. निम्मं लाउंज खिडकीला.

आणि ह्या सगळ्या वेळात स्पीकरवर काय चाललं होतं? नऊ-चाळीसला आनंदी आवाजात घोषणा: लवकरच अपडेट देतो, तोवर पाचव्या मजल्यावर बिंगो आहे. साडेदहाला पुन्हा बिंगो. मग झुंबा. लोकांना वाटलं म्हणजे उतरायचंच आहे, थोडा वेळ आहे इतकंच. टोकन मुठीत धरून बसून राहिले. पोरांना नाश्ता वाढायचा राहिला, कारण आपला नंबर आला तर?

मी रिसेप्शनवर गेले. भली मोठी रांग. काउंटरवर एक मुलगी, बोलण्याच्या ढंगावरून मी ओळखलं, आमच्याच बाजूची. प्रत्येकाला ती एकच वाक्य सांगत होती, सध्या आमच्याकडे माहिती नाही, कृपया घोषणा ऐका. माझा नंबर आला. मी मालवणीत विचारलं. तिनं एकदा मागे बघितलं, रजिस्टर पुढं ओढलं आणि मान खाली घालूनच म्हणाली, “काकी, आज उतरूक गावचा नाय. पण माका सांगूची परवानगी नाय हां.” मग मान वर करून मोठ्यानं, “कृपया घोषणा ऐका, मॅडम.” तिचा चेहरा अजून आठवतो. दिवसभर शेकडो माणसांना तोंडावर खोटं सांगायला लावलं होतं त्या पोरीला, आणि ओरडा तिलाच.

बातमी शेवटी दिली कोणी, तर इंजिननं. सव्वाअकराला पायाखालचा थरथराट बदलला, मागचं पाणी पांढरं घुसळायला लागलं आणि बेट खिडकीतून सरकलं. एक पोरगा ओरडला, आई, आपण चाललो! घोषणा झाली बारानंतर. हवामानामुळे आज बेटावर जाता येणार नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, दुपारच्या जेवणात खास सी-फूड. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “सांगूक ह्यांचा काय जाता?”

त्यानंतर रिसेप्शनसमोर जे झालं ते तुम्ही कुठल्याही एसटी स्टँडवर बघितलेलं आहे, त्याचं वर्णन नको. एकानं तर कॅप्टनलाच भेटायचं म्हणून पायऱ्यांवर बैठक मारली.

आणि मग संध्याकाळी सहाला कॅप्टन स्वतः बोलला. हे ऐका, कारण एक गुण इथला आहे. त्यानं आधी नाव सांगितलं, मग जहाज आत्ता कुठं आहे ते सांगितलं. सकाळी वारा अठ्ठावीस नॉट होता, नैऋत्येची लाट अडीच मीटर, होडीत उतरायचा जो फलाट असतो तो दीड मीटर वरखाली होत होता. आम्ही जहाज फिरवून आडोसा करून बघितला, जमलं नाही. दुपारनंतर वारा वाढायचा अंदाज होता, म्हणजे गेलेली माणसं परत आणता आली नसती. निर्णय माझा आहे. रात्री जहाज हलेल, जिन्यावर कठडा धरून चाला, वयस्कर माणसांनी आंघोळ सकाळी करावी. उद्या सकाळी नऊला मी पुन्हा बोलेन. बस. चार मिनिटं. इंग्रजीत, मग दुसऱ्या अधिकाऱ्यानं तेच हिंदीत. पायऱ्यांवर बसलेला माणूस उठून जेवायला गेला. खरंच गेला. बाबा म्हणाले, शाणो माणूस.

पण त्याच्याच बोलण्यात एक वाक्य होतं की साडेसातला आम्ही निर्णय घेतला. साडेसातला! म्हणजे आम्ही लाउंजमध्ये टोकन घेऊन बसलो तेव्हाच ठरलेलं होतं. मग ते साडेचार तास बिंगो कशासाठी?

माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे, मुंबईत उतरल्यावर त्याच्याकडे दोन दिवस राहिलो तेव्हा हाच विषय. तो म्हणाला, मामी, उतरवायचं की नाही हे फक्त कॅप्टन ठरवतो, मालकसुद्धा त्याला आडवा येऊ शकत नाही. सोलास म्हणून जो आंतरराष्ट्रीय करार आहे, टायटॅनिकनंतर १९१४ साली पहिला झाला आणि आता १९७४चा चालतो, त्याच्या पाचव्या प्रकरणात हे स्पष्ट लिहिलंय. पण रद्द झाल्यावर प्रवाशाला काय द्यायचं, किती द्यायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं, हे किनाऱ्यावरच्या ऑफिसात ठरतं. त्याच्या मते आमचे ते तास तिकडून मजकूर मंजूर होऊन येण्यात गेले. मला हे पटतं. आमच्याकडे होडी बंद झाल्यावर पर्यटक पहिला प्रश्न वाऱ्याचा विचारत नाही, आगाऊ दिलेल्या पैशाचं काय ते विचारतो. त्याचं उत्तर तयार नसलं की सांगणाऱ्याची जीभ अडकते.

त्यानंच बाहेरचं सांगितलं. २०१३च्या फेब्रुवारीत मेक्सिकोच्या आखातात कार्निव्हल ट्रायम्फ नावाच्या जहाजाच्या इंजिनरूमला आग लागली. चार हजारांवर माणसं, दिवे गेलेले, संडास बंद, आणि जहाज ओढत ओढत अमेरिकेतल्या मोबील बंदरात नेलं. त्याच वर्षी मे महिन्यात क्रूझ कंपन्यांच्या क्लिआ ह्या संघटनेनं प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली. यंत्र बिघडलं किंवा आणीबाणी आली तर प्रवासातल्या बदलाची माहिती वेळेवर मिळण्याचा हक्क त्यात आहे. हवामानाचा शब्द मात्र नाही, आणि चुकणारी बंदरं बरीचशी हवामानानंच चुकतात. युरोपात २०१०चा कायदा आहे, ११७७ नंबरचा. तिकडून सुटणाऱ्या जहाजाला उशीर झाला तर ठरलेल्या वेळेनंतर जास्तीत जास्त तीस मिनिटांत प्रवाशांना सांगावं लागतं, आणि क्रूझसुद्धा त्यात येते. आमच्या मुरगावच्या तिकिटाला हे काही लागू नाही, पण तीस मिनिटं हा आकडा मला आवडला. तीस मिनिटांत कारण नसेल सांगता येत, पण ‘दहाला पुन्हा सांगतो’ एवढं तर येतं.

कोणी म्हणेल, समुद्र आहे, समजून घ्यावं. अहो, आम्हाला कोण समजावणार? १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडून सहाशेहून जास्त माणसं गेली, ती गोष्ट ऐकत कोकणातली पोरं मोठी होतात. २०२१च्या मे महिन्यातलं तौक्ते चक्रीवादळ आम्ही मालवणात दार धरून बघितलंय. कॅप्टन नको म्हणाला तर कोकणी माणूस त्याच्याशी वाद घालत नाही. उलट त्या दिवशी माणसं उतरवली असती तर मी शून्य गुण दिले असते.

पैशाचं थोडक्यात. तिकिटाच्या अटींत कॅप्टनला मार्ग बदलण्याची, बंदर गाळण्याची पूर्ण मुभा असते, सगळ्याच कंपन्यांच्या असते, त्यामुळे बेट चुकलं म्हणून तिकिटाचे पैसे मागून मिळत नाहीत. दोन गोष्टी मात्र मागायच्या. एक, बेटावरच्या स्नॉर्केलिंगचे वेगळे भरलेले पैसे. ते आमचे न मागता परत आले, हे त्यांचं चांगलं. दुसरं, त्या बंदराचं शुल्क आणि कर, जे तिकिटात धरलेले असतात. ते त्यांनी जहाजावरच्या खात्यात जमा केले, शेवटच्या रात्री दहाला, केबिनच्या दाराखालून चिठ्ठी सरकवून. दुकानं अकराला बंद. म्हणजे तासाभरात परफ्यूम घ्या, नाहीतर सोडा. मी चिठ्ठी घेऊन खाली गेले आणि लेखी लिहून दिलं की आम्हाला ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात हवेत. वाद झाला नाही, फक्त फॉर्म शोधायला त्यांना वेळ लागला. दिवाळी उलटल्यावर पैसे आले. न आले असते तर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायचं ठरवलं होतं, नंबर लिहून फ्रिजवर चिकटवलेला होता.

उतरताना अभिप्रायाचा फॉर्म दिला. जेवण, केबिन, स्वच्छता, कार्यक्रम, कॅसिनो, स्पा, सगळ्याला चांदण्या. माहिती कशी मिळाली ह्याला रकाना नाही. मी ‘इतर’मध्ये तीन ओळी लिहिल्या आणि त्या रिसेप्शनच्या मुलीचं नाव घालून तिची तारीफ केली. ती कुजबुजलेली गोष्ट अर्थात लिहिली नाही.

जाणार असाल तर जा, जहाज खरंच चांगलं आहे. बेट बघायचंच असेल तर जानेवारी-फेब्रुवारी धरा, तेव्हा समुद्र निवळलेला असतो. ऑक्टोबर आणि मे ह्या दोन्ही टोकांना अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा कधी तयार होईल त्याचा नेम नाही. निघायच्या दोन दिवस आधी हैदराबादच्या इन्कॉइस ह्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघा, आमचे मच्छीमार त्यावरच चालतात आणि तो फुकट आहे. वयस्कर माणसं असतील तर केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर मागा, तिथं कमी हलतं. आणि एजंट कितीही ओळखीचा असला तरी बुकिंगवर नंबर स्वतःचा आहे ना, ते पैसे देण्याआधी त्याच्या स्क्रीनवर बघून घ्या.